पहिली पाटी : नवशिक्याचे लिनक्स आणि आदिलाबादची अक्षरे



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांनीच माझ्या हातात पहिली पाटी दिली. म्हणून शाळेचे निमंत्रण आले तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. विषय कळल्यावर मात्र माझे काही स्नेही हसले. आयुष्यभर ज्ञानेश्वरी आणि महानुभाव गद्य शिकविलेल्या माणसाने संगणकाच्या प्रणालीविषयी बोलावे, याची त्यांना गंमत वाटली. आरंभी मलाही ती वाटली. पण प्रसंगच असा आला की बोलणे भाग पडले.

आपल्या शाळेच्या संगणककक्षात माजी विद्यार्थ्यांनी दिलेली जी यंत्रे आहेत, त्यांवरील ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविले. पुढची ‘विंडोज ११’ त्या जुन्या यंत्रांवर नियमाप्रमाणे बसत नाही. यंत्रे मोडीत काढावीत, तर ती ठणठणीत चालत आहेत; नवी घ्यावीत, तर निधी नाही. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत लिनक्स बसवावे असे ठरले आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला : कोणते लिनक्स? एकाने उबुंटू म्हटले, दुसऱ्याने मिंट, तिसऱ्याने सरकारी ‘बॉस’, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या चौथ्याने फेडोरा. कारण मात्र चौघांचे एकच होते, “नवशिक्याला हेच सोपे.” त्यांचे बोलणे ऐकताना माझ्या मनात आले की या ‘सोपे’ शब्दालाही एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या जिल्ह्यातला नवशिका फार उशिरा प्रवेश करतो. आजचे बोलणे त्या इतिहासाविषयी आहे.

नवशिक्याला सोपे काय, हा प्रश्न आपल्या भागात पहिल्यांदाच आलेला नाही. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडला. त्या उठावाने हादरलेल्या निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. मार्लवाई या गोंड गावी त्यांनी मुक्काम ठोकला आणि १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. मार्लवाई तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ च्या विभाजनानंतर ते आसिफाबाद जिल्ह्यात गेले. आता पेच असा पडला की गोंडी मुलाला पहिले अक्षर कोणते द्यावे? राज्याची भाषा उर्दू, दक्षिणेला आणि पूर्वेला तेलुगू, उत्तरेला व पश्चिमेला पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मराठी, आणि मुलाच्या तोंडात यांपैकी एकही नाही. शेवटी गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली.

ही निवड अनेकांना आज चमत्कारिक वाटते. मला ती वाटत नाही. डोंगरात राहणाऱ्या गोंडाच्या कानावर बाजारहाटात मराठी पडत होती आणि नागरी अक्षर ओळखणारा माणूस गाठणे त्याला त्यामानाने सुकर होते. अक्षर सोपे की अवघड, हे अक्षराच्या वळणावर फारसे अवलंबून नसते. अडले तर विचारायला शेजारी कोण आहे, यावर ते अवलंबून असते. याच काळात सेतुमाधवराव पगडी या जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी स्वतः गोंडी शिकून घेतली, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. इतिहासकार पगडी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आदिलाबादचे पगडी तितके ठाऊक नाहीत, ही आपलीच उणीव.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्रात आला. शेजार बदलला. कचेरीतले अक्षर तेलुगू झाले, आणि मुलासाठी ‘सोपे’ काय, याचेही उत्तर हळूहळू बदलत गेले. मराठी माध्यमाच्या शाळा त्यातूनही टिकल्या. आपण आज बसलो आहोत ती त्यांपैकीच एक. असो.

आता लिनक्सकडे वळतो. ज्यांचा या शब्दाशी परिचय नाही त्यांच्यासाठी मला माझ्याच शास्त्रातला दृष्टान्त घ्यावा लागेल. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ एक. पण तिच्या प्रती अनेक. प्रत्येक प्रतीत लेखकाने काही पाठ राखले, काही बदलले, कोठे टीप घातली, कोठे ओवी वाढविली. नाथांनी १५८४ साली प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तोही एका प्रतीच्याच रूपाने लोकांपर्यंत गेला. लिनक्सचे तसेच आहे. यंत्राचे अंतरंग चालविणारा मूळ गाभा एक आहे. हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केला आणि १९९२ मध्ये मुक्त परवान्याखाली आणला. त्याच्या भोवतीची साधने बरीचशी रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातून आली. तो प्रकल्प १९८३ सालचा. गाभा आणि साधने एकत्र बांधून, वर आपापली मांडणी करून जी ‘प्रत’ लोकांच्या हाती दिली जाते, तिला वितरण म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही सारी वितरणे, म्हणजे प्रती. हस्तलिखिताप्रमाणे येथेही नक्कल करण्यास मज्जाव नाही, शुद्धिपत्र जोडण्यास मज्जाव नाही. म्हणूनच प्रती शेकड्यांनी झाल्या आणि नवशिका गोंधळात पडला.

पहिल्या प्रती नवशिक्यासाठी नव्हत्याच. १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांचे स्लॅकवेअर आले, त्याच वर्षी इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले. फ्लॉपीचकत्यांची चळत घेऊन बसायचे, एकामागून एक यंत्रात घालायची, तबकडीचे भाग स्वतःच्या हाताने पाडायचे. पडद्याच्या कंपनांचा आकडा चुकीचा भरला तर पडदा बिघडण्याची भीती! आपल्याकडे लिनक्स पोहोचले ते याच दशकाच्या उत्तरार्धात, ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाच्या अंकासोबत आलेल्या सीडीतून. अनेक भारतीय तरुणांनी पहिले लिनक्स पाहिले ते असे, मासिकाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून काढून.

सोपेपणाचा शोध त्यानंतर लागला. १९९८ च्या जुलैत फ्रान्समधून मँड्रेक आले. रेड हॅटच्या प्रतीवर त्यांनी केडीई हा चित्रमय दर्शनी भाग चढविला आणि उंदराच्या टिचकीने काम होऊ लागले. २००० मध्ये जर्मनीतील क्लाउस नॉपर यांचे नॉपिक्स आले. त्याने केलेली सोय मला सर्वांत मोठी वाटते : यंत्रात काहीही न बसविता, सीडीवरूनच पूर्ण प्रणाली चालवून पाहता येऊ लागली. घर विकत घेण्यापूर्वी चार दिवस राहून पाहावे, तसे. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांचे उबुंटू निघाले. मागेल त्याला ते टपालाने फुकट सीडी धाडीत आणि हा परिपाठ २०११ पर्यंत चालला. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्हर यांनी उबुंटूच्याच पायावर मिंट उभारले. २०११ मध्ये उबुंटूने आपला दर्शनी भाग एकाएकी बदलला, तेव्हा विंडोजसारखी खाली पट्टी आणि कोपऱ्यात यादी असलेली जुनी रचना हवी असणारे बरेच लोक मिंटकडे वळले. आजही कोणी नवशिक्याला मिंट सुचवितो, त्याच्या मुळाशी ही घटना आहे.

या साऱ्या इतिहासात ‘नवशिका’ म्हणून जो डोळ्यांपुढे होता तो इंग्रजी वाचणारा, विंडोजची सवय लागलेला, बहुधा शहरातला मनुष्य होता. त्याला उंदीर चालतो की नाही, ध्वनी उमटतो की नाही, एवढीच चिंता. ‘ळ’ दिसतो की नाही, ही चिंता त्याला कधी पडली नाही.

आपली अक्षरे यंत्रात कशी आली, हा इतिहास वेगळ्याच वाटेने चालला होता. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरविला. सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, मराठीचा ‘क’ ज्या कळीवर त्याच कळीवर तेलुगूचा ‘క’. (दुसऱ्या लिपीचे अक्षर येथे छापताना अक्षरजुळणी करणारास त्रास झाला असेल, त्याची क्षमा मागतो.) आदिलाबादसारख्या दुभाषी जिल्ह्यासाठी याहून उपकारक गोष्ट दुसरी नाही आणि याहून दुर्लक्षित गोष्टही नाही. १९८८ मध्ये अक्षरांच्या संकेतांचे भारतीय प्रमाणक आले, १९९१ मध्ये ते सुधारले गेले. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक कायमचा क्रमांक, ही तिची कल्पना. देवनागरी तीत पहिल्यापासून होती.

परंतु बाजारात चालले ते निराळेच. छपाईच्या धंद्यासाठी निघालेल्या मराठी टंकांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकृत्या बसविल्या. यंत्राच्या लेखी ते इंग्रजीच; वर मराठीचा मुखवटा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. छापून झाले की काम संपले, म्हणून छपाईवाल्याचे काही अडले नाही. अडले ते आमचे.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे मला भाग आहे. १९९० च्या दशकात मी या जिल्ह्यातील मराठी बोलीचे शब्द जमविले. उटनूर, बोथ, जैनद, बेला या बाजूंनी हिंडून शेतीचे, घराचे, नात्यागोत्याचे शब्द टिपले. तिफण, वखर, डवरा हे विदर्भाशी जुळणारे शब्द कोठवर येतात आणि तेलुगू शब्द कोठून सुरू होतात, हे पाहण्याचा हेतू होता. ती वही मी एका छापखान्यात टंकून घेतली, फ्लॉप्या घरी आणून जपून ठेवल्या आणि हस्तलिखित वह्या वाळवीने खाल्ल्या तेव्हा फारसे दुःख केले नाही. पुढे २००९ मध्ये फ्लॉप्या उघडल्या. पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे, कंस आणि डॉलरची चिन्हे! तो टंक विकणाऱ्या कंपनीचा पत्ता लागला नाही, छापखाना बंद झालेला. मजकूर डोळ्यांसमोर होता आणि वाचता येत नव्हता.

महानुभावांच्या वाङ्मयाचा अभ्यासक या नात्याने मला तेव्हा सकळा लिपी आठवली. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले; अक्षरांची अदलाबदल केल्यामुळे ते ग्रंथ पंथाबाहेरच्यांना शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली तेव्हा मराठी गद्याचा आरंभ किती जुना आहे, हे महाराष्ट्राला कळले. आपल्या शेजारच्या माहूरशी त्या पंथाचे नाते जुने आहे. त्यांनी निदान धर्म राखण्यासाठी हेतुपुरस्सर कुलूप घातले होते. आम्ही आमच्या ग्रंथांना कुलूप घातले ते बेसावधपणे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवली.

माझे शब्द पुढे एका माजी विद्यार्थ्याने बरेचसे सोडविले. त्या टंकाची छापील पृष्ठे शोधून, कोणत्या रोमन चिन्हावर कोणते मराठी अक्षर बसविले आहे याचा तक्ता त्याने हाताने तयार केला आणि लिनक्सवरच्या एका छोट्या आज्ञावलीने सारा मजकूर युनिकोडमध्ये उतरविला. हे काम विंडोजवर झाले नसते असे मी म्हणत नाही. तथापि त्या निमित्ताने मी लिनक्स प्रथम पाहिले, एवढे खरे.

लिनक्सच्या जगात देवनागरी नीट उमटू लागली ती २००२ नंतर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जीटीके या साधनसंचाची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात ‘पँगो’ नावाचा अक्षरजुळारी होता. जोडाक्षर जोडणे, वेलांटी उचलून अक्षराच्या डावीकडे नेणे, रफार डोक्यावर चढविणे ही कामे तो करू लागला. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याने दिले. एक बारकावा मला फार बोलका वाटतो. डेबियनची स्थापना करताना दिसणारा पट पूर्वी केवळ साध्या अक्षरांचा असे, आणि त्या साध्या पटावर भारतीय जोडाक्षरे दाखविताच येत नसत. एप्रिल २००७ च्या आवृत्तीत चित्ररूप पट आला तेव्हा हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ या भाषांना दार उघडले; मराठी त्यांच्या मागून आत आली. म्हणजे तोवर आपल्या भाषेतल्या माणसाला लिनक्सच्या उंबरठ्यावरच इंग्रजीत बोलावे लागत होते. आणि ही दारे कोणी उघडली? भाषांतराचे काम बव्हंशी स्वयंसेवकांनी केले, रात्री जागून, बिनपगारी. त्यांनी वापरलेल्या काही प्रतिशब्दांविषयी माझे मतभेद आहेत. ‘फाईल’ला धारिका म्हणावे की संचिका, यावर विद्वानांनी भांडावे, आपल्या पाचवीतल्या मुलाला फाईल कळते. पण मतभेद व्यक्त करण्यासाठी आधी भाषांतर असावे लागते, आणि ते त्यांनी करून ठेवले.

आता मूळ प्रश्न. शाळेने कोणती प्रत घ्यावी? मी पाठसंशोधक असल्यामुळे प्रत तपासण्याची माझी एक रीत आहे : ग्रंथ पहिल्या पानापासून वाचीत बसायचे नाही, जेथे लेखक हमखास चुकतो तीच स्थळे आधी काढायची. मराठीत असे स्थळ म्हणजे पापणीसारखा वळलेला अर्धा ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. ‘आचार्यास’ बोलाविले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यास’ बोलाविले तर स्वयंपाकी. हिंदीला हा भेद नको, म्हणून हिंदीवर बेतलेल्या सोयीत तो हटकून गळतो. युनिकोडने यासाठी ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची रीत सांगितली आहे, इनस्क्रिप्टवर तो ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. परंतु साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह देऊनही तीच आकृती उमटते. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. शब्दकोशात ‘तऱ्हा’ शोधावा आणि समोर असूनही सापडू नये, हा प्रकार त्यातून घडतो. दुसरे स्थळ ‘ॲ’. ‘ॲसिड’, ‘ॲडमिशन’ यांतला हा स्वर युनिकोडमध्ये २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत दाखल झाला. जुन्या टंकात त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तिसरे म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे. हिंदी वळणाचा ‘ल’ वाचता येतो हे खरे, पण पहिलीच्या मुलाने पाटीवर एक वळण आणि पडद्यावर दुसरे पाहावे, हे मला मान्य नाही.

या कसोटीवर, खरे सांगायचे तर, आजची उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही चारही वितरणे उत्तीर्ण होतात. कळफलक निवडून घ्यावा लागतो, मराठी वळणाचा टंक बसवून घ्यावा लागतो, पण अडत नाही. याद्या व सूचना मात्र कोठेच पुऱ्या मराठीत नाहीत. अर्धे वाक्य मराठी, अर्धे इंग्रजी, असे धेडगुजरी दर्शन घडते. ‘बॉस’ हे वितरण सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनच्या पायावर काढले, त्यात मराठी आणि तेलुगू दोन्ही आहेत, शाळांसाठी वेगळी आवृत्तीही निघाली. त्यामागचा हेतू मला आदरणीय वाटतो. तरी माझ्या पाहण्यात आपल्या आजूबाजूला ते वापरणारे फार थोडे आहेत, आणि येथे पुन्हा मार्लवाईचा धडा उपयोगी पडतो : अडले तर विचारायचे कोणाला?

केरळने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, ते पाहण्याजोगे आहे. २००१ मध्ये तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ हा सरकारी उपक्रम निघाला. आरंभ विंडोजवर झाला, पण काही वर्षांतच, शिक्षकांच्या आग्रहासह, तो मुक्त प्रणालीकडे वळला आणि माध्यमिक शाळांतील संगणक विषय त्याच प्रणालीवर शिकविला जाऊ लागला. २०१७ मध्ये त्या उपक्रमाचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झाले. त्यांनी पूर्वी डेबियनवर आणि नंतर उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रत तयार केली. तीत मल्याळम आहे, भूमितीसाठी जिओजेब्रा आहे, चित्रे काढायला टक्स पेंट आहे. पण यशाचे कारण त्या प्रतीच्या देखणेपणात शोधू नये. राज्यभरच्या शाळांत एकच प्रत, आणि ती शिकलेला एक शिक्षक जवळच्या शाळेत, हे ते कारण. आपल्याच राज्यात हैदराबादेत ‘स्वेच्छा’ या संघटनेने तेलुगूतील लिनक्ससाठी बरेच काम केले आहे. मराठी शाळेने त्यांच्याशी परिचय करून घेण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. इनस्क्रिप्टची कळ तर एकच आहे.

म्हणून माझा कौल सांगतो. मिंट घ्यावे, आणि तेही एक्सएफसीई या हलक्या दर्शनी भागाचे. आपल्या यंत्रांत चार गिगाबाइट स्मृती आहे. मिंटला किमान दोन लागते, चार असल्यास बरे. विंडोजवर हात बसलेल्या शिक्षकांना यादी जागच्या जागी सापडेल. मिंट उबुंटूच्या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीवर उभे असल्यामुळे दर सहा महिन्यांनी उलथापालथ होणार नाही, आणि उबुंटूविषयी जी मदत छापील वा अन्य मार्गाने मिळते ती बहुतांशी येथेही लागू पडते. याहून सबळ कारण असे की, आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघे याच गावात राहून मिंट वापरतात. फेडोरा सुचविणाऱ्या मित्राचे ज्ञान त्या दोघांहून अधिक आहे, हे मी जाणतो. पण तो पुण्यात आहे. उद्या त्या दोघांपैकी कोणी गाव सोडले, तर हा कौल पुन्हा तपासावा लागेल.

बसविण्यापूर्वी नॉपिक्सने घालून दिलेली रीत पाळावी : पेन ड्राइव्हवरून आठवडाभर चालवून पाहावे. त्या आठवड्यात मुलांकडून दऱ्या, तऱ्हा, कोऱ्या, ॲसिड, बळ, शाल एवढे शब्द टंकून घ्यावेत, ते जतन करावेत, दुसऱ्या यंत्रावर उघडावेत, शोधून पाहावेत आणि कागदावर छापून काढावेत. छापताना घोटाळा होतो, असा माझा अनुभव आहे. छपाईयंत्र कोणत्या कंपनीचे यावर ते पुष्कळ अवलंबून असते. शाळेचे जुने दाखले, गुणपत्रके, वार्षिकांक ज्या टंकांत अडकले असतील, ते सोडविण्याचे काम त्याच वर्षी हाती घ्यावे. ज्यांच्या घरी त्या काळच्या फ्लॉप्या असतील त्यांनी त्या, वाचता येत नाहीत म्हणून टाकून न देता, कृपा करून शाळेत आणून द्याव्यात. त्यांचा तक्ता करून देणारे हात आहेत.

एक गोष्ट राहिली. आपल्या जिल्ह्याच्या नारनूर मंडळात गुंजाला नावाचे गाव आहे. तेथील गोंडांकडे एका स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते होती आणि ती वाचू शकणारे मोजके वृद्ध होते. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या प्रयत्नांनी ती लिपी जगापुढे आली. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिला क्रमांक मिळाले. मार्लवाईच्या मुलाला नागरी अक्षर द्यावे की दुसरे, याचा विचार १९४३ मध्ये चालला होता, तेव्हा ही लिपी थोड्याच अंतरावर, कोणाच्या तरी घरातल्या पोथीत गुंडाळून ठेवलेली होती.

गेल्या महिन्यात संगणककक्षातल्या एका यंत्रावर आम्ही मिंट चालवून पाहिले. नोटो हा टंकसंच बसविल्यावर त्या लिपीची अक्षरे पडद्यावर चौकोनांऐवजी अक्षरे म्हणून उमटली. सातवीतला एक गोंड विद्यार्थी जवळ उभा होता. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि मला विचारले, “सर, ही दिसतात, पण लिहायची कोणत्या कळीने?” मजपाशी उत्तर नव्हते. त्या लिपीचा कळफलक आमच्या यंत्रावर अजून बसलेला नाही. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्याला हे जमत असेल, त्याने चहानंतर मला भेटावे. तो मुलगाही येथेच, मागच्या रांगेत बसला आहे.